धावताना जे बिघडले, ते सायकलवर शोधावे: एका हौशी ट्रायथलीटच्या हंगामाचे परीक्षण

एका हौशी ट्रायथलीटने आपला पहिला पूर्ण हंगाम संपवून पत्रातून तीन प्रश्न विचारले आहेत. हंगामात दोन स्प्रिंट (छोट्या अंतराच्या), एक ऑलिम्पिक अंतराची आणि शेवटी एक अर्ध्या अंतराची, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशी स्पर्धा झाली. या शेवटच्या स्पर्धेत पोहायला ४४ मिनिटे, सायकलला ३ तास २ मिनिटे, धावायला २ तास २४ मिनिटे आणि दोन्ही ट्रान्झिशनना (एका प्रकारातून दुसऱ्याकडे जाताना कपडे व साधने बदलायला) मिळून १० मिनिटे, असे एकूण ६ तास २० मिनिटे लागले; लक्ष्य सहा तासांच्या आत येण्याचे होते. एरवी नुसती अर्धमॅरेथॉन ते १ तास ५२ मिनिटांत धावतात. हंगाम फसला असे समजावे का, तिन्ही प्रकारांपैकी कशावर अधिक मेहनत घ्यावी, आणि पुढच्या वर्षी पूर्ण अंतराच्या स्पर्धेत उतरावे का, हे त्यांचे प्रश्न आहेत. सोबत पॉवर मीटरच्या (पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणाऱ्या उपकरणाच्या), हृदयगतीच्या आणि सरावाच्या नोंदी जोडल्या असल्यामुळे उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही.

आधी थोडक्यात उत्तर देतो. हंगाम फसलेला नाही. सहा तासांच्या आत येण्याइतकी तयारी तुमच्या शरीरात होती, पण स्पर्धेच्या दिवशी ती वापरता आली नाही. धावण्यात वीस मिनिटे गेली म्हणून येत्या वर्षी धावण्याचा सराव वाढवावा, असा जो निष्कर्ष तुम्ही पत्राच्या शेवटी काढला आहे, तो मला मान्य नाही. ती वीस मिनिटे बहुतांशी सायकलवर गेली आहेत. दिसली मात्र धावताना. पूर्ण अंतराचा विचार पुढच्या वर्षी करू नये, असे माझे मत आहे आणि त्याची कारणे पुढे येतील.

चारही स्पर्धांच्या वेळा एका तक्त्यात मांडून तुम्ही प्रगतीचा आलेख काढला आहे. अशा आलेखावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. धावपट्टीवरचे दहा हजार मीटर कुठेही दहा हजार मीटरच असतात. ट्रायथलॉनचे तसे नाही. सायकलचा मार्ग वळणाच्या सोयीनुसार एखाद-दोन किलोमीटरने कमी-जास्त असू शकतो, पाण्यातला बोया (मार्गाची तरंगती खूण) रात्रीतून सरकलेला असू शकतो, प्रवाह, वारा, तापमान आणि वेटसूटला (ऊब देणाऱ्या आणि तरंगायला मदत करणाऱ्या पोशाखाला) परवानगी होती की नाही, यांवर कित्येक मिनिटांचा फरक पडतो. वयोगटातला क्रमांकही तितकाच फसवा असतो, कारण त्या दिवशी कोण आले होते यावर तो ठरतो. त्यापेक्षा एक साधी पद्धत वापरावी. निकालपत्रातून आपल्या वयोगटातल्या, स्पर्धा पूर्ण केलेल्या सर्वांच्या वेळा घ्याव्यात, पोहणे, सायकल आणि धावणे यांची मधली वेळ (सर्व वेळा क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारी) वेगवेगळी काढावी आणि आपली वेळ त्या मधल्या वेळेच्या किती टक्के आहे ते पाहावे. वारा आणि ऊन सगळ्यांना सारखेच लागलेले असते, त्यामुळे मार्गाचा परिणाम यातून बऱ्याच अंशी वजा होतो. तुमच्या आकड्यांवरून सायकल चारही स्पर्धांत मधल्या वेळेपेक्षा चांगली, पोहणे सगळीकडे थोडे मागे, आणि धावणे तीन स्पर्धांत मधल्या वेळेच्या आसपास असून फक्त शेवटच्या स्पर्धेत एकदम खाली गेलेले दिसते. जो दोष चारांपैकी एकाच ठिकाणी उमटतो, तो पायांच्या क्षमतेचा असण्याची शक्यता कमी आणि त्या दिवशीच्या वागण्याचा असण्याची शक्यता जास्त.

ऑलिम्पिक अंतराच्या स्पर्धेने हे अधिक स्पष्ट होते. ताज्या पायांनी तुम्ही दहा किलोमीटर ५० मिनिटांत धावता आणि त्या स्पर्धेत, दीड किलोमीटर पोहून व चाळीस किलोमीटर सायकल चालवून, ५४ मिनिटांत धावलात. वेळेतली ही वाढ आठ टक्क्यांची आहे आणि हौशी खेळाडूसाठी ती अगदी स्वाभाविक आहे. अर्ध्या अंतरात मात्र १ तास ५२ मिनिटांचे २ तास २४ मिनिटे झाले, म्हणजे वाढ जवळपास २९ टक्क्यांवर गेली. साधारण दहा टक्के वाढ धरली असती, तर धावणे २ तास ३ मिनिटांत संपले असते आणि एकूण वेळ ५ तास ५९ मिनिटे झाली असती. दोन स्पर्धांमध्ये पाय तेच होते, सायकलही तीच होती. बदलला तो फक्त कालावधी. सायकल सोडून धावायला लागताना ऑलिम्पिकमध्ये सुमारे दोन तास झाले होते, अर्ध्या अंतरात पावणेचार ते चार तास. या दोन तासांच्या फरकात जे संपते, त्याचा शोध घ्यायला हवा.

आता सायकलची नोंद पाहू. तुमचा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी कमाल पॉवर, २१० वॅट आहे. संपूर्ण ९० किलोमीटरची सरासरी पॉवर १६८ वॅट आहे, पण नॉर्मलाइज्ड पॉवर १८२ वॅट. सरासरी सरळ काढली जाते. नॉर्मलाइज्ड पॉवर तीस-तीस सेकंदांच्या सरासऱ्यांच्या चौथ्या घातावरून काढली जाते, म्हणून अधूनमधून मारलेल्या जोराला तिच्यात कितीतरी अधिक वजन मिळते आणि शरीराने प्रत्यक्षात सोसलेल्या ताणाच्या ती जास्त जवळ जाते. १८२ म्हणजे तुमच्या एफटीपीच्या ८७ टक्के. तीन तासांच्या सायकलनंतर अर्धमॅरेथॉन धावायची असलेल्या तुमच्या पातळीच्या खेळाडूला मी ७८ ते ८० टक्क्यांवर थांबवतो. फेऱ्या वेगळ्या केल्या की चित्र आणखी स्वच्छ होते: मार्ग दोन समान फेऱ्यांचा होता, पहिल्या फेरीत नॉर्मलाइज्ड पॉवर १९० आणि हृदयगती १५४, तर दुसऱ्या फेरीत पॉवर १७२ आणि हृदयगती १५५. म्हणजे तेवढ्याच हृदयगतीला मिळणारी पॉवर दहा टक्क्यांनी उतरली होती. उन्हामुळे यातला काही भाग समजण्यासारखा आहे, कारण उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच कामासाठी हृदयाला अधिक वेळा आकुंचन पावावे लागते. तरीही पाच टक्क्यांपुढचा उतार हा वेग परवडत नसल्याचा इशारा म्हणून घ्यावा. बूट बदलायच्या आधीच धावण्याचा निकाल लागलेला होता.

यातली गमतीची, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाची गोष्ट ही, की ८० टक्क्यांच्या हिशेबाने मी तुम्हाला जी पॉवर सांगितली असती, ती १६८ वॅटच आहे. नेमकी तीच सरासरी तुम्ही काढली आहे. म्हणजे अधिक सावकाश जाण्याचा प्रश्नच नव्हता. तेच काम सलग वाटून केले असते, तर सायकल जवळपास तेवढ्याच वेळात संपली असती आणि पाय शाबूत राहिले असते. सपाट रस्त्यावर हवेचा अडसर मोडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे आधीच वेगात असताना मारलेला अतिरिक्त जोर फार थोडे सेकंद मिळवून देतो. चढावर थोडा जास्त आणि उतारावर थोडा कमी जोर लावणे योग्यच आहे, पण तुमच्या आलेखात २८० वॅटच्या वरचे जे सुळके दिसतात, ते चढांवर कमी आणि वळणांतून बाहेर पडताना व इतरांना ओलांडताना अधिक आहेत. ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने सायकल चालवायला, मनाई असलेल्या स्पर्धेत पुढच्यापासून अंतराच्या प्रकारानुसार १० किंवा १२ मीटर दूर राहावे लागते आणि त्या टापूत शिरल्यावर २०-२५ सेकंदांत ओलांडणे पूर्ण करावे लागते, हे खरे. म्हणून ओलांडताना जोर लागणारच. मात्र प्रत्येकाला ओलांडलेच पाहिजे असे नाही. तुमच्या नोंदीत पहिल्या तासात ज्यांना ओलांडले, त्यांच्यापैकी काहींनी पुढच्या चढाला तुम्हाला मागे टाकले आणि तुम्ही पुन्हा त्यांना ओलांडले, असा क्रम दिसतो. हा खेळ स्प्रिंटमध्ये परवडतो. पुढच्या हंगामात घड्याळाच्या पडद्यावर वेग दाखवूच नका. तीस सेकंदांची सरासरी पॉवर आणि हृदयगती एवढेच ठेवा, आणि पहिले वीस किलोमीटर ७५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. त्या वीस किलोमीटरमध्ये बरेच जण तुमच्या पुढे जातील, त्यांना जाऊ द्यावे.

याला जोडूनच खाण्याचा प्रश्न येतो, आणि तो स्वतंत्र नाही. तीन तासांत तुम्ही दोन जेल (कर्बोदकांच्या दाट पाकाच्या पुड्या) आणि इलेक्ट्रोलाइटयुक्त पेयाची एक बाटली घेतलीत. कर्बोदके धरली तर सुमारे ९० ग्रॅम, म्हणजे ताशी तीस. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (कर्बोदकांचे राखीव इंधन) साठवलेले असते. सायकलवर तुम्ही सुमारे १,८०० किलोज्यूल यांत्रिक काम केले. मानवी शरीराची कार्यक्षमता पाहता त्यासाठी जवळपास तेवढ्याच किलोकॅलरी खर्ची पडतात. त्यापैकी ३६० तुम्ही परत घातल्या. वेग जितका जास्त, तितका इंधनातला कर्बोदकांचा वाटा वाढतो आणि मेदाचा घटतो, म्हणून पहिल्या फेरीतल्या अतिरिक्त जोराने साठा अधिक लवकर उपसला गेला. त्याच जोराने पोटाकडे जाणारा रक्तपुरवठाही कमी केला, आणि दुसऱ्या फेरीत जेल नकोसे वाटले असे जे तुम्ही लिहिले आहे, त्याचे मूळ तिथे आहे. धावताना पहिले पाच किलोमीटर ५ मिनिटे ३५ सेकंदांच्या गतीने आणि शेवटचे पाच ७ मिनिटे ४० सेकंदांच्या गतीने गेले. धावण्याची सुरुवातही थोडी घाईची झाली, पण एवढी घसरण केवळ त्याने होत नाही. रिकामा झालेला साठा असाच बोलतो.

ताशी ६० ग्रॅम हे तुमचे पुढचे लक्ष्य असावे. एकट्या ग्लुकोजचे शोषण साधारण त्याच पातळीला अडते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी शोषले जात असल्यामुळे दोन्हींच्या मिश्रणाने ९० ग्रॅमपर्यंत जाता येते, परंतु त्याची घाई नको. आतड्यालाही सवय लावावी लागते, म्हणून दर आठवड्याच्या लांब सायकलस्वारीत स्पर्धेतलेच पदार्थ, स्पर्धेतल्याच अंतराने, दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे घ्यावेत. पाण्याचे प्रमाण इतरांना विचारून ठरवू नये. तासभराच्या सरावाआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करावे. मधे प्यायलेले पाणी त्यात धरावे. एक किलोची घट म्हणजे सुमारे एक लिटर घाम. गरम आणि थंड अशा दोन्ही दिवसांचे आकडे घेऊन ठेवले की प्रश्न मिटतो. घामापेक्षा जास्त पाणी पिणेही धोक्याचे असते, कारण रक्तातील सोडियम उतरून प्रकृती गंभीर होऊ शकते. स्पर्धेनंतर वजन वाढलेले दिसले, तर पाणी जास्त झाले असे समजावे.

पोहण्याविषयी मी तुमच्याइतका चिंतित नाही. ४०० मीटर ८ मिनिटे २० सेकंदांत आणि २०० मीटर ४ मिनिटांत, या चाचणीवरून तुमची टिकाऊ गती शंभर मीटरला २ मिनिटे १० सेकंद येते. स्पर्धेत ती २ मिनिटे १९ सेकंद झाली. घड्याळाने मात्र अंतर २,०५० मीटर दाखवले आहे आणि त्या अंतराने भागले की गती चाचणीइतकीच निघते. पाण्याखाली उपग्रहाचा संकेत पोहोचत नसल्याने मनगटावरच्या घड्याळाच्या अंतरावर पूर्ण भिस्त ठेवू नये, पण मार्गाची नागमोडी रेषा नकाशावर उघड दिसते. म्हणजे तुम्ही हळू पोहला नाहीत, वाकडे पोहलात, आणि त्यात तीन मिनिटांच्या आसपास गेली. सहा-आठ हातांनंतर एकदा डोळे पाण्याच्या किंचित वर काढून बोया पाहण्याची सवय तलावातही लावता येते. याउपर आठवड्याला आणखी दोन तास पोहून पाच मिनिटे कमावण्यापेक्षा ते दोन तास इतरत्र लावलेले बरे. ट्रान्झिशनमधली दोन-तीन मिनिटे घरच्या घरी सरावाने वाचतात. त्यावर अधिक लिहीत नाही.

सरावाच्या नोंदींत मला स्पर्धांच्या निकालांपेक्षा अधिक बोलके काहीतरी दिसले. आराखडा आठवड्याला दहा तासांचा होता आणि प्रत्यक्षात सरासरी सात तास झाले. नोकरी आणि घर सांभाळून सात तास ही उत्तम कामगिरी आहे; दोष दहा तासांच्या आराखड्याचा आहे. चुकलेले तास भरून काढण्यासाठी तुम्ही स्पर्धेच्या अगदी आधीच्या दोन आठवड्यांत दोन लांब सायकलस्वाऱ्या घुसवल्या, तेव्हा टेपर, म्हणजे स्पर्धेआधी सराव कमी करत नेण्याचा टप्पा, झालाच नाही. टेपरविषयीच्या संशोधनाचा कल असा आहे, की सुमारे दोन आठवड्यांत सरावाचे प्रमाण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करावे आणि तीव्रता मात्र टिकवावी. शेवटच्या पंधरवड्यात केलेल्या सरावाने क्षमता वाढत नाही, थकवा तेवढा सोबत येतो. पुढचा आराखडा सात तासांचाच लिहा.

आणखी एक बाब. तुमच्या ‘सोप्या’ सायकलस्वाऱ्यांची हृदयगती १४५ ते १५० आहे आणि शर्यतीतली १५४. म्हणजे सोपा दिवस सोपा नाही आणि कठीण दिवस पुरेसा कठीण नाही. उच्च पातळीवरचे सहनशक्तीचे खेळाडू आपली सुमारे ८० टक्के सत्रे हलक्या तीव्रतेची ठेवतात, हे व्यायामशास्त्राचे संशोधक स्टीफन सायलर यांच्या निरीक्षणांमुळे सर्वपरिचित झाले आहे. आठवड्याला पंचवीस तास सराव करणाऱ्यांचे प्रमाण सात तासवाल्याने जसेच्या तसे उचलावे असे मला वाटत नाही, पण गप्पा मारता येतील इतक्या हलक्या गतीने आठवड्यातली निम्म्याहून अधिक सत्रे व्हायलाच हवीत.

पोटरीच्या दुखण्याने तीन आठवडे धावणे बंद होते आणि नंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही जुन्या अंतरावर परतलात. सायकल चालू राहिल्याने हृदय आणि फुप्फुसे तयार होती, म्हणून धावणे सोपे वाटले. स्नायुबंध आणि हाडे इतक्या लवकर सावरत नाहीत. शर्यतीपूर्वीचे सर्वांत लांब धावणे १६ किलोमीटरचेच झाले, आणि त्या वीस मिनिटांतली काही मिनिटे याच्या नावावर टाकणे न्याय्य होईल. धावण्याचे एकूण अंतर वाढवण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून पोटरी तपासून घ्या आणि आठवड्यातून दोनदा पोटऱ्यांचा वजनासह व्यायाम, एका पायावर टाच उचलण्यापासून सुरुवात करून, वर्षभर चालू ठेवा. येत्या वर्षी धावण्यात मला एवढाच बदल हवा आहे.

आता पूर्ण अंतराविषयी. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे. १९७८ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर पहिल्यांदा १५ जण या अंतराला सामोरे गेले आणि १२ जणांनी ते पूर्ण केले. आज अनेक ठिकाणी १७ तासांच्या आसपासची मुदत मिळते, त्यामुळे ‘पूर्ण करणे’ तुमच्या आवाक्याबाहेर नाही. परंतु अर्ध्या अंतरात जो दोष वीस मिनिटांना पडला, तो पूर्ण अंतरात दुप्पट होऊन थांबत नाही. मॅरेथॉनचा उत्तरार्ध चालत काढावा लागतो आणि त्यातून शिकायला फारसे मिळत नाही. माझ्या तीन अटी आहेत. अर्ध्या अंतराच्या शर्यतीतले शेवटचे पाच किलोमीटर पहिल्या पाचांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक मंद नसावेत. ताशी ६० ग्रॅम कर्बोदके चार तास पोटाची तक्रार न होता घेता यावीत. आणि सलग चार महिने आठवड्याला दहा-बारा तास देता येतील, असे घरच्यांशी बोलून ठरलेले असावे. तिसरी अट बहुतेक जण शेवटी पाहतात. ती पहिली पाहावी, कारण सात तासांचे दहा तास करताना ते तीन तास कोणाच्या तरी वाट्यातून निघतात.

तूर्त दोन ते तीन आठवडे आराखड्याविना जाऊ द्या. पोहा, चाला, वाटले तर सायकल काढा, घड्याळ मात्र घरी ठेवा. या काळात क्षमता थोडी उतरेल, मुख्यतः रक्तातील द्रवाचे प्रमाण घटल्यामुळे, आणि सराव सुरू होताच ती परत येऊ लागेल. झोप पुरेशी असूनही या विश्रांतीनंतर थकवा कायम राहिला, तर वैद्यकीय सल्ल्याने फेरिटिनसह (शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या घटकासह) रक्ततपासणी करावी आणि सरावाच्या मानाने खाणे कमी पडते आहे का तेही पाहावे. त्यानंतर एफटीपीची वीस मिनिटांची आणि पोहण्याची ४००-२०० मीटरची चाचणी पुन्हा घ्या, शक्यतो आधीच्याच तलावात आणि सायकल जागेवर चालवण्याच्या आधीच्याच ट्रेनर-यंत्रावर. पुढच्या हंगामातली पहिली शर्यत ऑलिम्पिक अंतराची निवडा. तिच्यात वेळेचे लक्ष्य ठेवू नका, सरासरी आणि नॉर्मलाइज्ड पॉवर यांतला फरक पाच टक्क्यांच्या आत राखणे आणि दर वीस मिनिटांनी ठरलेले खाणे ही दोनच कामे करा, आणि त्या दिवसाच्या नोंदी आठ आठवड्यांनंतरच्या अर्ध्या अंतरासाठी वापरा.